प्याद्याची दोन घरे आणि नियम बदलण्याचा अधिकार

गणेशोत्सवात आमच्या वाडीत बुद्धिबळाची स्पर्धा होते आणि जवळजवळ दरवर्षी एखादा तरी डाव एकाच जागी अडतो. एकाने आपले प्यादे पहिल्या चालीत दोन घरे पुढे टाकलेले असते. त्याच्या शेजारच्या घरात उभे असलेले प्रतिस्पर्ध्याचे प्यादे तिरके सरकून मधल्या रिकाम्या घरात जाते आणि दोन घरे आलेले प्यादे पटावरून उचलले जाते. सुटीवर आलेला एखादा चाकरमानी लगेच समोरच्याचा हात अडवतो. "असो कसो मारलंस रे? माझा प्यादा तुझ्या बाजूक आसा, फुड्यात नाय!" मग पंच म्हणून मला बोलावले जाते. मी नियम सांगतो, तो मानला जातो, डाव पुढे चालतो. पण आक्षेप घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरची शंका जात नाही आणि ती जाऊ नये असेच मला वाटते, कारण ती शंका रास्त आहे. त्याच्या वडिलांनी त्याला जे बुद्धिबळ शिकवले, त्यात प्यादे दोन घरे चालतच नव्हते. मग असे जाता जाता मारण्याचा प्रश्नच कुठून येणार?

बुद्धिबळाचे परंपरागत नियम कधी बदलावेत का, या प्रश्नाकडे मी नेहमी या एका नियमातून पाहतो. प्यादे दोन घरे चालवण्याची मुभा युरोपात मध्ययुगात आली, ती डाव लवकर रंगात यावा म्हणून. ती आली तेव्हा अडचण उभी राहिली. शत्रूच्या प्याद्याने राखलेले घर एका उडीत ओलांडून प्यादे सुखरूप पलीकडे जाऊ लागले आणि ज्याने धीराने आपले प्यादे पाचव्या ओळीपर्यंत नेले होते, त्याच्या मेहनतीचे मोल गेले. त्या अन्यायाची भरपाई म्हणून दुसरा नियम आला. म्हणजे ज्याला आज नवशिके विचित्र अपवाद समजतात, तो एका सुधारणेने निर्माण केलेल्या गैरसोयीवरचा उपाय आहे. एक नियम हलवला की त्याला टेकून उभा असलेला दुसरा नियम हलतो, त्याला सावरण्यासाठी तिसरा घालावा लागतो आणि ही साखळी पुरती बसायला कधी कधी शतके जातात.

याहून मोठे उदाहरण वजिराचे आहे. अरबी आणि फारसी लोकांच्या शतरंजमध्ये वजीर एका वेळी एकच घर, तेही तिरके, चालत असे आणि उंट तिरक्या रेषेत दुसऱ्या घरावर उडी मारत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीच्या परिसरात या दोघांना आजची लांब चाल मिळाली आणि खेळाचा वेगच पालटला. जो राजा आधी पटाच्या मध्यावर बराच काळ निर्धास्त उभा राहू शकत होता, त्याच्यावर आता काही चालींतच मात होऊ लागली. म्हणून राजाला आडोशाला नेण्याची सोय अधिक महत्त्वाची ठरली. राजाची एकदाच मारायची उडी वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या रूपात खेळली जात होती. तिचे आजचे कॅसलिंग, म्हणजे राजाने हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकणे आणि हत्तीने त्याच्या पलीकडे येणे, व्हायला आणि ते सगळीकडे एकसारखे मानले जायला आणखी काही शतके लागली. ज्याला आपण परंपरा म्हणतो ती अशी थराथराने साचलेली आहे. त्यामुळे 'परंपरा आहे म्हणून हात लावू नका' हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. मात्र यापैकी एकही बदल कुणा एका मंडळाने बैठकीत ठराव करून आणलेला नव्हता. लोकांनी खेळून पाहिले, काही ठिकाणी रुजले, काही ठिकाणी नाकारले गेले आणि पिढ्यांनंतर एक रूप शिल्लक राहिले. बदलाची ही रीत मला बदलाइतकीच महत्त्वाची वाटते.

आमच्या घरच्या पडवीत माझे आजोबा देशी पद्धतीने खेळत. पावसाळ्यात भातलावणी आटोपली की दुपारी शेजारचे दोघेतिघे येत. मासेमारी बंद असल्यामुळे होड्या किनाऱ्यावर झापांखाली शाकारून ठेवलेल्या असत, त्यामुळे बंदरावरची माणसेही सवडीत असत. त्या पटावर प्यादे एकच घर चाले. राजाला, शह मिळालेला नसेल तर, एकदाच घोड्याची उडी मारता येई. पलीकडच्या टोकाला पोचलेले प्यादे ज्या स्तंभात पोचले त्या स्तंभाचा मोहरा होई. हत्तीच्या घरात गेले तर हत्ती, घोड्याच्या घरात गेले तर घोडा. त्यामुळे शेवटाकडे कुठल्या स्तंभातले प्यादे जपायचे याचा हिशोब अगदी निराळा असे. प्रतिस्पर्ध्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा उघडा पाडला तर ती बुर्जी, म्हणजे अर्धीच जीत. खरी शान प्याद्याने मात करण्यात. हातात वजीर असूनही आजोबा प्यादेमातीसाठी डाव लांबवत आणि समोरचा ते मान्य करून शेवटपर्यंत झुंजत असे, हे मी पाहिलेले आहे. तो सावकाश उलगडणारा खेळ होता. दोन्ही बाजू आपापल्या बाजूला आधी व्यूह रचत आणि मगच सैन्ये भिडत.

ही पद्धत किती कसदार होती याचा पुरावा आजोबांच्या आठवणींपेक्षा फार मोठा आहे. पंजाबातील मीर सुलतान खान देशी नियमांवरच वाढला आणि युरोपीय नियम त्याने तरुणपणी शिकून घेतले. तरीही १९२९ मध्ये तो ब्रिटनचा विजेता झाला, १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा झाला आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. त्याची सुरुवात कच्ची असे, कारण वेगाने उघडणाऱ्या डावाची त्याला सवय नव्हती, पण मध्य आणि अखेर यांत तो कुणालाही ऐकत नसे. फिडे या जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर हा मानाचा किताब दिला तो २०२४ मध्ये, मरणोत्तर. नियम बदलावेत असे म्हणणाऱ्यांनी खरे तर सुलतान खानाचे उदाहरण पुढे करायला हवे. वेगळ्या नियमांत घडलेली बुद्धी नव्या नियमांतही तळपू शकते आणि नियम बदलले म्हणजे खेळाचा गाभा नष्ट होतो असे नाही, हे त्याच्या कारकिर्दीतून दिसते. मी त्यांच्या बाजूचा नसलो तरी हा मुद्दा मला मान्य आहे.

पण देशी पद्धतीचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. छापील पुस्तके युरोपीय नियमांची होती, शालेय स्पर्धा त्याच नियमांवर होऊ लागल्या, पुढे मोबाइलवरचा खेळही तोच आला. आजोबांच्या पिढीनंतर आमच्या पंचक्रोशीत देशी डाव मांडायला दुसरा माणूस मिळेना. सावंतवाडी इथून जवळच आहे. तिथल्या राजवाड्यात गंजिफा (खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते) आजही रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफेची ती १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, हे सारे इतके देखणे आहे की पर्यटक ती भिंतीवर टांगायला घेऊन जातात. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला मरू दिली नाही, याबद्दल कोकणाने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे. पण ती पाने हातात घेऊन डाव खेळणारी माणसे मला फार थोडी भेटली. पाने टिकली, खेळ मात्र विरला, कारण समोर बसायला तोच नियम जाणणारा भिडू उरला नाही. बुद्धिबळाचे सामर्थ्य याच ठिकाणी आहे. वेंगुर्ल्यातल्या माझ्या रविवारच्या वर्गातली मुलगी जगातल्या कुठल्याही गावी जाऊन, भाषा येत नसताना, अनोळखी माणसासमोर पट मांडू शकते. नियम बदलण्याचा प्रत्येक प्रस्ताव मी या एका संपत्तीशी तोलून पाहतो.

आता प्रस्ताव का येतात ते पाहू. मुख्य तक्रार बरोबरीची आहे. उच्च पातळीवर डाव फार वेळा बरोबरीत सुटतात, तयारी संगणकावर होते, पहिल्या वीस-वीस चाली पाठ असतात आणि खेळाडूच्या प्रतिभेला वाव उरत नाही, असे म्हटले जाते. तक्रार खोटी नाही. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि कारुआना यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत बाराही मुख्य डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर लागला. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात, गोव्यात हडफडे येथे फिडेचा विश्वचषक झाला. आमच्याकडून ते अंतर फार नाही, म्हणून आम्ही काही जण मुलांना घेऊन गेलो होतो. २०६ खेळाडूंची ती बाद पद्धतीची स्पर्धा होती. अंतिम लढतीतही सिंदारोव्ह आणि वेई यी यांचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत गेले आणि उझबेकिस्तानचा एकोणीस वर्षांचा सिंदारोव्ह जलद डावांत जिंकला.

तरीही ही तक्रार नवी नाही, हे विसरून चालणार नाही. १९२७ मध्ये ब्यूनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यात जगज्जेतेपदासाठी ३४ डाव झाले, त्यांतले २५ बरोबरीत सुटले. बुद्धिबळ लवकरच बरोबरीच्या ओझ्याखाली मरेल अशी भीती कापाब्लांकाला त्याच दशकात वाटू लागली होती आणि त्याने मोठा पट, दोन नवे मोहरे असा खेळ सुचवला होता. १९८४ मध्ये सुरू झालेल्या कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत ४८ डावांपैकी ४० बरोबरीत गेले आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ती लढत निकालाविना थांबवावी लागली. तेव्हा काय बदलले? आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, ही अट काढून डावांची संख्या ठरवून दिली गेली. मोहऱ्यांची एकही चाल बदलली नाही आणि खेळ पुढे चालू राहिला. कापाब्लांकाच्या भाकिताला जवळजवळ शंभर वर्षे झाली. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सिंगापूरला गुकेश आणि डिंग यांच्या चौदा डावांत पाच डाव निकाली निघाले. शेवटचा डाव तर साध्या, कोरड्या दिसणाऱ्या अखेरीतून एका चुकीवर फिरला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. ज्या स्थितीला कितीतरी समालोचक निर्जीव म्हणून सोडून देतात, तिच्यात माणसाला चुकवण्याइतके बळ असते.

सुचवल्या जाणाऱ्या बदलांपैकी सर्वांत वरचेवर येणारा बदल स्टेलमेटचा आहे. राजाला शह नाही, पण कुठलीही वैध चाल उरलेली नाही, अशी स्थिती आज बरोबरी मानली जाते. राजाला कोंडणाऱ्याला विजय द्यावा, असे सुधारकांचे म्हणणे आहे. त्यांच्या बाजूला इतिहास आहे. शतरंजमध्ये कोंडला गेलेला हरत असे. सतराव्या शतकापासून बराच काळ इंग्लंडमध्ये तर उलटाच नियम होता, तिथे कोंडणारा हरत असे. आजचा बरोबरीचा नियम सर्वत्र स्थिरावला तो एकोणिसाव्या शतकात. तर्कही त्यांच्या बाजूचा वाटतो. ज्याचे सगळे सैन्य संपले, ज्याला हलायला जागा नाही, त्याला अर्धा गुण का द्यावा?

मी वर्गात मुलांना अखेर शिकवतो, त्यामुळे या प्रश्नावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. एका बाजूला राजा आणि एक प्यादे, दुसऱ्या बाजूला एकटा राजा, ही बुद्धिबळाच्या अखेरीची मुळाक्षरे आहेत. पांढरे प्यादे सातव्या ओळीत आहे, त्याच्या लगेच मागे पांढरा राजा, समोर आठव्या ओळीत काळा राजा आणि चाल काळ्याची, या स्थितीत आज बरोबरी होते. ही बरोबरी आहे म्हणूनच दोन राजांनी समोरासमोर उभे राहून एकमेकांना वाट न देण्याची, ज्याच्यावर चाल येईल त्याने हटण्याची, ती सारी सूक्ष्म विद्या अस्तित्वात आहे. एकट्या राजाने नेमक्या घरात मागे हटून अर्धा गुण वाचवणे, ही माझ्या वर्गातल्या लहान मुलांना मिळणारी पहिली खरी बौद्धिक मिळकत असते. तो नियम बदलला तर राजा आणि एक प्यादे विरुद्ध राजा ही अखेर जवळजवळ नेहमीच जिंकली जाईल. मग एका प्याद्याची आघाडी पुरेशी ठरेल. आघाडीवर असलेल्याने फक्त मोहऱ्यांची अदलाबदल करत जायचे, बाकी काही करायचे नाही.

माणसांच्या खेळात याचा परिणाम उलट्या दिशेने, डावाच्या सुरुवातीपर्यंत पोचू शकतो. आज खेळाडू हल्ल्यासाठी प्यादे बळी देतो तेव्हा त्याच्या मनात एक आधार असतो. हल्ला फसला तरी अखेरीत तग धरता येईल, एक प्यादे कमी असूनही डाव वाचेल. हा आधार काढून घेतला तर बळी देण्याची किंमत वाढेल आणि जो साहसी खेळ वाढावा म्हणून हा बदल मागितला जातो, त्यालाच तो आवर घालेल. शिवाय स्टेलमेट हे हरणाऱ्याला दिलेले दान नाही. १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी इव्हान्सने रेशेव्हस्कीविरुद्ध हरलेल्या स्थितीत आपला वजीर शहासह बळी दिला आणि मग हत्तीही पुढे केला, कारण तो मारला की इव्हान्सचा राजा कोंडला जाणार होता. रेशेव्हस्कीसारख्या अनुभवी खेळाडूचा जिंकलेला डाव बरोबरीत गेला. जिंकणाऱ्याने शेवटच्या चालीपर्यंत जागे राहिले पाहिजे, ही अट स्टेलमेटमुळेच टिकून आहे.

यावर एक प्रयोगही झालेला आहे. २०२० मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी माजी जगज्जेता क्रॅमनिक याच्यासह नियमांचे नऊ पर्याय निवडले आणि अल्फाझीरो या स्वतः शिकणाऱ्या प्रणालीला प्रत्येक पर्यायात स्वतःशी खेळवले. कॅसलिंग नाही, प्यादे एकच घर चालेल, प्यादे बाजूलाही सरकेल, स्वतःचाच मोहरा मारता येईल, असे ते पर्याय होते. त्यांत स्टेलमेटला विजय मानण्याचाही होता. तो बदल केल्याने सुरुवातीच्या आणि मधल्या खेळात फारसा फरक पडत नाही आणि बरोबऱ्याही विशेष कमी होत नाहीत, असे दिसले. म्हणजे अखेरीची विद्या गमवायची आणि त्या बदल्यात हाती जवळजवळ काहीच नाही. हा व्यवहार मला पटत नाही.

कॅसलिंग काढून टाकावे, हा क्रॅमनिकचा स्वतःचा आवडता प्रस्ताव आहे. राजा आडोशाला जाऊ शकला नाही तर तो मध्येच राहील आणि डाव पेटता राहील, असे त्याचे म्हणणे. २०२१ मध्ये डॉर्टमुंडला तो याच नियमाने आनंदशी चार डाव खेळला आणि आनंदने ती लढत अडीच विरुद्ध दीड अशी जिंकली. मी हा प्रकार पावसाळी सुटीत वर्गातल्या मुलांना खेळायला दिला. त्यांना आवडला, पण ज्यांना अजून राजा सांभाळायचे भान आलेले नाही अशांचे डाव फार लवकर संपू लागले आणि मोठी मुले राजाला पायी चालवत कोपऱ्यात नेऊ लागली. हा अनुभव थोडा आहे, त्यावरून सिद्धांत मांडता येणार नाही. पण वरच्या शंभर खेळाडूंना जी स्थिती अति परिचयाने शिळी वाटते, ती नव्याने शिकणाऱ्यासाठी शिळी नसते, एवढे मला त्यात स्पष्ट दिसले. जगात बुद्धिबळ खेळणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी बहुतेकांचे डाव बरोबरीत सुटतच नाहीत. आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत बरोबरी झाली तर बाजूच्या पटावरची मुले पाहायला गोळा होतात. ज्यांना त्रास आहे ते थोडे आहेत आणि औषध मात्र सर्वांना पाजावे, अशी ही मागणी आहे.

एका प्रस्तावाकडे मात्र माझे मन खरोखर ओढले जाते. बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्यूनोस आयर्सला जाहीर केलेला प्रकार, ज्याला आज ९६० असे म्हणतात. मागच्या ओळीतले मोहरे चिठ्ठी काढून मांडायचे, मात्र दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी, एवढी अट. अशा ९६० मांडण्या होतात, नेहमीची मांडणी त्यांतलीच एक. मोहऱ्यांच्या चाली त्याच राहतात, शह तोच, मात तीच, स्टेलमेट तेच, फक्त पाठांतराला जागा राहत नाही. कोकणातल्या मुलांना शिकवणारा माणूस या गोष्टीकडे तटस्थपणे पाहू शकत नाही. आमची मुले जेव्हा मुंबई-पुण्याच्या मुलांशी खेळायला जातात, तेव्हा समोरच्याच्या मागे प्रशिक्षक असतो, सुरुवातींचा संगणकीय साठा असतो आणि पहिल्या पंधरा चाली तो मुलगा विचार न करता खेळतो. आमचा मुलगा त्याच पंधरा चालींत अर्धे घड्याळ खर्च करतो. ती विषमता ९६० पुसून टाकते. दोघेही पहिल्या चालीपासून स्वतःच्या डोक्याने खेळतात. २०१९ मध्ये फिडेने या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा घेतली, तेव्हा अंतिम लढतीत वेस्ली सो याने कार्लसनला साडेतेरा विरुद्ध अडीच असे हरवले. कार्लसनसारख्याची अशी हार नेहमीच्या मांडणीत कल्पनेतही आणता येत नाही.

मग नेहमीच्या मांडणीची जागा ९६० ने घ्यावी असे मी का म्हणत नाही? कारण पाठांतराचा जो साठा आमच्या मुलांच्या आड येतो, त्याच साठ्यात त्यांचे शिक्षणही आहे. १८५१ मध्ये लंडनला अँडरसनने खेळलेला डाव आजही वेंगुर्ल्यातले मूल पटावर मांडून समजून घेऊ शकते, कारण तो त्याच मांडणीतून सुरू झालेला आहे. एकाच सुरुवातीच्या हजारो डावांतून मुलाला हळूहळू कळते की घोडे कुठे शोभतात, कुठले प्यादे पुढे टाकले की पाठ उघडी पडते. दर वेळी नवी मांडणी मिळाली तर त्याला असा आधार राहत नाही. म्हणून ९६० ही स्वतंत्र शाखा म्हणून वाढावी, असे माझे मत आहे. फिडेनेही ती आपल्या नियमावलीला जोडलेल्या मार्गदर्शनात घातली आहे. जिल्हा पातळीच्या स्पर्धांत मुख्य गटासोबत एक दिवस ९६० चा ठेवला, तर गावाकडच्या मुलांना आपली खरी पातळी पडताळून पाहता येईल. त्यासाठी कुणाचे काही मोडावे लागत नाही.

समितीने घाईने बदल केला की काय होते, याचा एक धडा पन्नास चालींच्या नियमात आहे. पन्नास चालींत एकही प्यादे हलले नाही, एकही मोहरा मारला गेला नाही, तर बरोबरी मागता येते. संगणकांनी दाखवून दिले की काही विशिष्ट अखेरी जिंकायला याहून जास्त चाली लागतात. तेव्हा फिडेने अशा अखेरींसाठी मर्यादा वाढवली, काहींसाठी शंभरपर्यंत नेली. त्याच काळात, १९८९ मध्ये, बेलग्रेडला हत्ती आणि उंट विरुद्ध हत्ती अशी अखेर असलेला एक डाव २६९ चाली चालला आणि शेवटी बरोबरीतच सुटला. १९९२ मध्ये फिडेने अपवाद काढून टाकले आणि सरसकट पन्नास चाली पुन्हा आणल्या. कागदावर अचूक असलेला नियम बसून खेळणाऱ्या माणसासाठी जाचक ठरला आणि तो मागे घेण्याचा शहाणपणा दाखवला गेला, हे चांगले झाले.

पटाभोवतीचे नियम मात्र बदललेच पाहिजेत, आणि कधी कधी विलंब न लावता. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळल्या तेव्हा त्यावर गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. पट तोच, मोहरे तेच, फक्त त्याच्यासमोर बसण्याचा अधिकार वाढला. त्या एका निर्णयाने बुद्धिबळाचे जेवढे भले झाले, तेवढे मोहऱ्यांच्या चाली बदलण्याच्या कुठल्याही प्रस्तावाने होणार नाही. माझ्या वर्गात आज मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हापासून त्यांना कुणी 'तू कशाला खेळतेस' असे विचारत नाही.

याउलट, ३१ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कला अतिजलद डावांच्या जागतिक स्पर्धेत जे घडले ते मला अजूनही खटकते. अंतिम लढतीत कार्लसन आणि नेपोम्नियाश्ची यांची बरोबरी सुटेना, तेव्हा दोघांनी किताब वाटून घेण्याची विनंती केली आणि ती तिथल्या तिथे मान्य झाली. नियमाप्रमाणे निकाल लागेपर्यंत खेळायचे होते. दोघे थोर खेळाडू आहेत, दमले असतील, हे सारे खरे. पण खेळ चालू असताना, खेळणाऱ्यांच्याच सोयीसाठी बदललेला नियम हा नियमच राहत नाही. आमच्या वाडीतल्या स्पर्धेत दोन मुलांनी असे मागितले असते, तर मी त्यांना पुन्हा पटावर बसवले असते.

राहिला घड्याळाचा प्रश्न, आणि तो आमच्यासारख्यांच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा आहे. प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देण्याची पद्धत उत्तम आहे. तिच्यामुळे जिंकलेला डाव केवळ वेळ संपून घड्याळाचा काटा पडल्यामुळे गमवावा लागत नाही. पण त्यासाठी डिजिटल घड्याळे लागतात आणि ती प्रत्येक पटामागे एक अशी घ्यायची म्हटली तर गावच्या मंडळाला परवडत नाहीत. खारट हवेत ती फार टिकतही नाहीत. आमच्याकडे अजून चावीची जुनी घड्याळे चालतात. फिडेच्या नियमावलीला जोडलेल्या मार्गदर्शनात अशा डावांसाठी एक तरतूद आहे. ज्याच्या घड्याळात दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला आहे आणि समोरचा जिंकण्याचा खरा प्रयत्न न करता फक्त वेळ खेचतो आहे, त्याला पंचाकडे बरोबरी मागता येते. मोठ्या स्पर्धांत या तरतुदीचा आता उपयोग उरलेला नाही, म्हणून नियमावली आटोपशीर करताना ती कधीतरी गाळली जाईल, अशी मला धास्ती वाटते. माझी विनंती आहे की जिल्हा आणि राज्य संघटनांनी ती आपल्या स्पर्धांच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापावी आणि पंचांना तिचे प्रशिक्षण द्यावे, कारण तिच्या आधारावर निकाल देण्यासाठी स्थिती वाचता यावी लागते. येत्या दिवाळीच्या सुटीत आमच्या तालुक्यातल्या पंचांसाठी मी अशा स्थितींचा एक संच तयार करतो आहे. हत्ती विरुद्ध हत्ती, वेगवेगळ्या रंगांच्या घरांतले उंट आणि एकट्या राजासमोरचे कडेच्या स्तंभातले प्यादे, या तिन्हींपासून सुरुवात केली आहे.